पहिली रेड वाइन घेताना

इंदूरमध्ये पहिली बाटली घेतोस तर महागड्या लेबलामागे लागू नकोस. नाशिककडच्या एखाद्या घरगुती वायनरीची साधी, अलीकडच्या हंगामातली रेड मिळाली तर घे. काळ्या द्राक्षांचाही रस बहुधा फिकाच असतो. रंग आणि तुरटपणा सालींतून उतरतो, म्हणून रस सालींसकट आंबवतात. साली वर तरंगून जाड थर धरतात. तो रोज रसात दाबावा लागतो, नाहीतर रंग नीट उतरत नाही. स्वस्त वाइन बहुतेक वेळा ओक लाकडाच्या पिंपाऐवजी स्टीलच्या टाकीत ठेवतात, त्यामुळे फळाची ताजी चव टिकते. मला तीच जास्त आवडते! वर्षानुवर्षं जपून ठेवू नकोस. आपल्या उन्हाळ्यात आधी फ्रिजमध्ये ठेव, साधारण १६ अंशांवर ओत. तिखट शेवेबरोबर मात्र नको, जीभ आणखी पोळते.