आधी चालवून बघ

नवीन आहेस म्हणून सांगतो, म्हाताऱ्या माणसांची जर्जरता, म्हणजे वयामुळे शरीराची ताकद आणि तग कमी होणं, तपासताना प्रश्नांचा फॉर्म काढून सुरुवात करू नकोस. नागपूरच्या महाल भागातल्या आजीला "थकवा येतो का?" विचारलंस तर "काही नाही रे बाप्पा" एवढंच मिळेल. आधी चालवून बघ. फरशीवर खडूने चार मीटरच्या खुणा कर, दोन्हीकडे मीटरभर जागा सोड, नाहीतर शेवटाला पाय आपोआप मंदावतात. नेहमीच्या चालीने, काठी असेल तर काठीसकट. पाच सेकंदांच्या वर गेलं, म्हणजे वेग सेकंदाला 0.8 मीटरच्या खाली, की पुढची तपासणी.

संशोधक लिंडा फ्राइड यांच्या 2001 च्या पद्धतीत पाच गोष्टी आहेत: आपोआप घटलेलं वजन, थकवा, मुठीची ताकद, चाल आणि हालचाल. तीन जुळल्या तर जर्जरता, एक-दोन म्हणजे उंबरठा. हालचालीचा प्रश्न मात्र मे महिन्यात जपून विचार. नागपूरच्या उन्हात दुपारी मीही घराबाहेर पडत नाही!

डॉक्टर रॉकवूड यांची जर्जरतेची 1 (ठणठणीत) ते 9 ची मोजपट्टी सोपी वाटते, तिथेच नवखे चुकतात. आज तापाने खाटेवर पडलेले आजोबा बघून आकडा टाकू नकोस. दोन आठवड्यांपूर्वी ते स्वतः आंघोळ करत होते का, भाजी आणत होते का, हे सुनेला विचार.