वाचकांचे प्रश्न : अन्नातली पेप्टाइड आणि रक्तदाब

प्रश्न : दुधातल्या पेप्टाइडमुळे रक्तदाब उतरतो, असं वाचलं. हे खरं आहे का?

उत्तर : प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. पचताना किंवा आंबवताना ती तुटली, की मण्यांचे छोटे छोटे तुकडे पडतात. तीच पेप्टाइड. आपल्या शरीरात एसीई नावाचं विकर (एन्झाइम) अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक तयार करतं. त्यामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. काही पेप्टाइड या विकराच्या खाचेत जाऊन बसतात आणि त्याचं काम मंदावतं. कल्पना भक्कम आहे. ब्राझीलमधल्या जराराका या विषारी सापाच्या विषातल्या पेप्टाइडचा अभ्यास करूनच एसीईला रोखणारं कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध घडलं आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

दुधातली प्रसिद्ध जोडी आहे व्हीपीपी आणि आयपीपी. दोन्ही केसीन या दुधातल्या प्रथिनातून निघतात आणि दोन्हींत तीनच अमिनो आम्लं असतात. शेवटची दोन प्रोलीन असल्यामुळे पचनाची विकरं त्यांना सहज मोडू शकत नाहीत. बाकीची बहुतेक पेप्टाइड परीक्षानळीत उत्तम काम करतात, पण आतड्यात त्यांचे तुकडे होऊन जातात. म्हणून 'प्रयोगशाळेत सिद्ध' एवढ्यावर विसंबू नका. शिवाय एसीईचं काम अर्ध्यावर आणायला व्हीपीपी साधारण ९ आणि आयपीपी ५ मायक्रोमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं एकक) लागतं. कॅप्टोप्रिलला त्याच्या शेकडो पटींनी कमी पुरतं. पोटातून रक्तात पोहोचणारं पेप्टाइड तर फारच थोडं असतं.

प्रश्न : मग रोज वाटीभर दही खाल्लं तर?

उत्तर : दही जरूर खा, पण रक्तदाबावरचा उपाय म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. व्हीपीपी-आयपीपी भरपूर तयार होतात ते लॅक्टोबॅसिलस हेल्व्हेटिकस या जिवाणूमुळे, कारण केसीन तोडणारी त्याची विकरं जोरकस असतात. जपानमध्ये १९९५ साली उच्च रक्तदाबाच्या उंदरांवर झालेलं काम याच जिवाणूनं आंबवलेल्या दुधावरचं. साध्या विरजणात तो असेलच असं नाही. दही जास्त वेळ ठेवल्यानंही काम होत नाही. आंबटपणा वाढतो आणि उपयोगी तुकडे पुढे आणखी मोडू शकतात. मुरवलेल्या चीजमध्ये ही पेप्टाइड सापडतात, पण त्यासोबत मीठही येतं.

प्रश्न : पेप्टाइडची पावडर घेतली तर रक्तदाबाची गोळी बंद करता येईल का?

उत्तर : नाही. जपानमधल्या काही चाचण्यांत वरचा आकडा काही अंकांनी उतरला, तर युरोपातल्या अनेक चाचण्यांत फरक नगण्य होता किंवा दिसलाच नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही हा दावा मान्य केला नाही. गोळी बंद करून पावडरीवर राहणं म्हणजे जे काम करतं ते सोडून जे कदाचित करेल ते धरणं.

पावडर घ्यायचीच असेल तर आधी लेबल वाचा. '५ ग्रॅम हायड्रोलायसेट' (तोडलेलं प्रथिन) म्हणजे ५ ग्रॅम सक्रिय पेप्टाइड नव्हे. दुधाच्या चाचण्यांत व्हीपीपी-आयपीपीची रोजची मात्रा बहुधा काही मिलिग्रॅमच होती. ती मिलिग्रॅममध्ये लिहिलेली नसेल तर आपण काय घेतो आहोत हे कळतच नाही. सोडियमचा आकडाही पाहा. प्रथिन तोडताना आम्लता सांभाळायला बरेचदा सोडियम हायड्रॉक्साइड घालतात, ते शेवटी मीठ म्हणून उरतं. केसीनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ही पावडर टाळावी. गरोदरपणी, मूत्रपिंडाचा विकार असताना किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

प्रश्न : फरक पडला की नाही, घरी कसं ओळखायचं?

उत्तर : बहुतेक जण इथेच फसतात. पावडर सुरू करण्याआधी सात दिवस आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा सात दिवस मोजा. सकाळी गोळी आणि न्याहारीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा. पाय जमिनीवर, एकमेकांवर टाकलेले नकोत, हात हृदयाच्या उंचीवर टेकवलेला. पट्टा उघड्या दंडावर, दंडाच्या मापाचा. लहान पट्टा आकडा खोटा वाढवतो. मोजताना बोलू नका. पहिल्या दिवसाचे आकडे सोडा, उरलेल्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ती वाढलेलीच समजतात.

या काळात गोळ्या, मीठ, वजन, व्यायाम तसंच ठेवा, नाहीतर श्रेय कोणाला द्यायचं ते कळणार नाही. आणि आमचं स्पष्ट मत असं, की आधी दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत आणा. त्याचा पुरावा पेप्टाइडपेक्षा कितीतरी भक्कम आहे. सरासरी दोन-तीन अंकांनीच हलली, तर तो रोजच्या चढउताराचा भाग असू शकतो. आकडा १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखलं, धाप लागली किंवा बोलणं अडखळलं तर लगेच दवाखाना गाठा.