मित्रफौज पटावर आली, आता ती लढवायची कशी?

प्रश्न : आम्ही सहाजण सुट्टीच्या दिवशी स्पेनच्या यादवी युद्धाचा हेक्स-पट, म्हणजे षटकोनी घरांचा युद्धखेळ, मांडतो. नियम आमचेच आहेत. मी फ्रँकोच्या राष्ट्रवादी बाजूने खेळतो, समोर प्रजासत्ताक सरकारची बाजू. मार्च 1937 मध्ये मला इटलीच्या चार मोटारी डिव्हिजन मिळतात : हल्ला 5, चाल 8. आमचे स्पॅनिश पायदळ हल्ला 3, चाल 4. एका हेक्समध्ये (घरात) दोनच काउंटर (तुकड्यांच्या सोंगट्या) बसतात. पाऊस निघाला की मोटारी तुकडीला रस्ता सोडता येत नाही, पायदळाची चाल 2 होते आणि राष्ट्रवादी विमाने जमिनीवर बसतात. समोरच्याची मात्र उडतात आणि हल्ल्याचा हिशेब हल्ला-बचावाच्या प्रमाणाच्या तक्त्यात एक रकाना खाली नेतात. मी चारही डिव्हिजन माद्रिदच्या ईशान्येच्या रस्त्याने सोडल्या. दुसऱ्या चालीला पाऊस आला आणि दोन डिव्हिजन गेल्या. इटालियन डिव्हिजन गेली की 3 राजकीय गुण जातात, स्पॅनिश गेली की 1. नियम फार कडक झालाय का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नियम सैल करू नका. तुमच्या पटावर जे झाले तेच 8 ते 23 मार्च 1937 या काळात ग्वादालाहाराला झाले. सुमारे 35,000 इटालियन सैनिक माद्रिद-सारागोसा रस्त्याने मोटारींतून पुढे सरकले. पाऊस आणि बर्फमिश्रित सरी सुरू झाल्या, राष्ट्रवादी बाजूच्या कच्च्या धावपट्ट्यांवर चिखल झाला, आणि प्रजासत्ताकाची विमाने पक्क्या धावपट्टीवरून उडत राहिली. रस्त्यावर एकामागे एक अडकलेले ट्रक त्यांना आयतेच सापडले. 10 मार्चला घेतलेले ब्रिउएगा हे गाव 18 मार्चला हातचे गेले. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसानंतर ट्रॅक्टर घातलेला ज्याने पाहिला आहे, त्याला ‘रस्ता सोडता येत नाही’ हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

तुमची चूक हिशेबात आहे. चार डिव्हिजन म्हणजे 20 ची ताकद असे तुम्ही धरलेत, पण रस्त्याच्या हेक्समध्ये दोनच मावतात. म्हणजे लढतात 10. मागच्या दोन नुसत्या विमानांची शिकार होतात. समोर टेकडीवर 4 चा बचाव असेल आणि तुमच्याकडे टेकडीला दुप्पट धरत असतील, तर तो 8. 10 ला 8 म्हणजे तक्त्यात 1:1, विमानांमुळे त्याहूनही खाली. एवढ्यावर फासा टाकायचाच नसतो.

आता मांडणी बदला. रस्त्याच्या हेक्समध्ये दोन इटालियन डिव्हिजन ठेवा. बचाव करणाऱ्याला लागून असलेल्या डाव्या-उजव्या हेक्समध्ये प्रत्येकी दोन स्पॅनिश पायदळ आणा. 10 आणि 12 मिळून 22. 22 भागिले 8 म्हणजे पावणेतीन, तक्त्यात 2:1 चाच रकाना. मागच्या हेक्समधून मारा करणारा 2 चा तोफखाना जोडला की 24 होतात आणि 3:1 नेमके लागते. पावसात विमानांनी एक रकाना खाली नेला तरी 2:1 हातात राहते. उरलेल्या दोन इटालियन डिव्हिजन तीन हेक्स मागे थांबवा. फळी फुटली तरच त्या सोडायच्या. तोटा कोणाचा काढायचा हे हल्लेखोराने ठरवायचे असा तुमचा नियम असेल, तर पहिला काउंटर स्पॅनिश पायदळाचाच काढा. 3 गुणांऐवजी 1 जाईल.

पायदळ तिथे वेळेवर पोचत नाही, खरी अडचण तीच. मोटारी एका चालीत 8 हेक्स जातात, पायदळाला दोन चाली लागतात. म्हणून पायदळ एक चाल आधी हलवा. दुसऱ्या चालीला पाऊस आला तर त्याचे 4 आणि 2 असे 6 हेक्सच होतील. मग मोटारीसुद्धा सहाव्या हेक्सवरच थांबवायच्या. दोन हेक्सची ही हाव बहुतेकांना महागात पडते. आपले पायदळ चालीच्या सुरुवातीला हलवून घ्या आणि मोटारी सर्वांत शेवटी, म्हणजे किती पुढे जायचे ते समोर दिसते.

आणखी एक. त्या वेळी माद्रिदजवळच्या हारामा नदीच्या बाजूने राष्ट्रवादी फौजेचा दाब येईल या भरवशावर इटालियन निघाले होते. तो दाब आला नाही, आणि प्रजासत्ताकाला 11 वी आणि 12 वी आंतरराष्ट्रीय ब्रिगेड (परदेशी स्वयंसेवकांच्या तुकड्या) ग्वादालाहाराकडे नेता आली. पटावर तिथे मोठा हल्ला करायची गरज नाही. समोरच्याच्या राखीव फौजेला दोन काउंटर चिकटवून ठेवा, म्हणजे ती सुटत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांतांदेरला हेच इटालियन राष्ट्रवादी फौजेच्या स्पॅनिश नवार ब्रिगेडच्या जोडीने लढले आणि मोहीम फत्ते झाली. फौज तीच होती, शेजारी कोण उभे होते एवढा फरक.

प्रश्न : मी प्रजासत्ताकाकडून खेळते. सोन्याचे गुण मोजून सोव्हिएत टी-26 रणगाडे घेते. ते पहिल्या चालीला फळी फोडतात आणि दुसऱ्या चालीला नाहीसे होतात. शिवाय कुमक कधी येईल याचा नेम नाही. काय करावे?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : 29 ऑक्टोबर 1936 ला सेसेन्याला असेच घडले. पंधरा टी-26 गावात घुसले, पार पलीकडे गेले, पण मागचे पायदळ आलेच नाही. तीन रणगाडे गमवून बाकीचे परतले. टी-26 ची 45 मिलिमीटरची तोफ समोरच्या जर्मन पँझर-1 ला भारी होती, कारण त्याच्याकडे नुसत्या मशीनगन होत्या. म्हणून मोकळ्या रानात रणगाड्यावर रणगाडा घाला, पण गावाच्या हेक्समध्ये पायदळाशिवाय शिरू नका. रणगाड्याची पूर्ण चाल वापरायची नाही. सोबतचे पायदळ जितके जाईल तितकेच जायचे.

कुमकेसाठी दोन वाटा धरा. भूमध्य समुद्रातली वाट जवळची, पण पाणबुड्यांची. 1937 च्या उन्हाळ्यात हल्ले इतके वाढले की सप्टेंबरात स्वित्झर्लंडमधल्या नियोंला त्यावर परिषद भरली. दुसरी वाट फ्रान्समधून, आणि ती पॅरिसच्या मर्जीवर. 17 मार्च 1938 ला सरहद्द उघडली आणि 13 जूनला मिटली. या तीन महिन्यांच्या चालींत मिळेल तेवढा माल आत ओढा. सोने मात्र हप्त्याहप्त्याने वापरा. खऱ्या युद्धात ऑक्टोबर 1936 मध्येच सुमारे 510 टन सोने स्पेनच्या कार्ताहेना बंदरातून सोव्हिएत संघातल्या ओदेसाला रवाना झाले, आणि मग भावाची घासाघीस करायला हातात काही उरले नाही.

प्रश्न : आंतरराष्ट्रीय ब्रिगेडचे काउंटर आम्ही शेवटपर्यंत पटावर ठेवतो. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : नाही. प्रजासत्ताकाचे पंतप्रधान नेग्रीन यांनी 21 सप्टेंबर 1938 ला राष्ट्रसंघात परदेशी स्वयंसेवक मागे घेण्याची घोषणा केली आणि 28 ऑक्टोबरला बार्सिलोनात त्यांना निरोप दिला गेला. त्या चालीला ते काउंटर उचला. पण एकदम उचलले तर एब्रो नदीवरच्या फळीला भगदाड पडते. तोवर या ब्रिगेडमध्ये स्पॅनिश सैनिकांचीच भरती जास्त झाली होती, तेव्हा 1938 च्या सुरुवातीपासून दर चालीला एक परदेशी काउंटर काढून त्या जागी एकाने कमी ताकदीचा स्पॅनिश काउंटर ठेवा.

प्रश्न : मित्रफौजेचे काउंटर गर्दीत ओळखू येत नाहीत.
— एक वाचक, विजापूर रस्ता

उत्तर : रंग बदलून भागत नाही, ट्यूबलाइटखाली तपकिरी आणि खाकी सारखेच दिसतात. 2 मिलिमीटरच्या पुठ्ठ्याच्या काउंटरचा वरचा उजवा कोपरा तिरका कापा. एकावर एक ठेवलेल्या काउंटरमध्येही बोट फिरवले की कळते. पट फ्लेक्सवर छापला असेल तर कडा वळतात. आदल्या रात्री छापील बाजू बाहेर ठेवून उलटा गुंडाळा.