उंदरातली कॅन्सरची गाठ नव्या अँटीबॉडीने पूर्ण गेली, तर ते औषध रुग्णांना लगेच का देत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना जठराचा कॅन्सर आहे आणि उंदरांमधली गाठ नाहीशी करणाऱ्या नव्या अँटीबॉडीची बातमी कुणीतरी तुम्हाला पाठवली. थेट सांगायचं तर, त्या बातमीतला उंदीर बरा झाला हे बहुधा खरंच असेल. पण त्यावरून वडिलांबद्दल फार थोडं कळतं. औषधकंपन्यांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या करून देणाऱ्या पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी काम करते आणि अँटीबॉडी, म्हणजे एखाद्या ठरावीक लक्ष्याला नेमकं चिकटणारं प्रथिन, हाच माझा रोजचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उंदीर कोणता होता, हे बातमीत सहसा लिहीत नाहीत. साध्या उंदराला माणसाच्या कॅन्सरपेशी टोचल्या तर त्याची प्रतिकारशक्ती त्या पेशी संपवून टाकते, गाठ धरतच नाही. म्हणून ‘न्यूड’ जातीचे उंदीर वापरतात. त्यांच्या अंगावर केस नसतात आणि थायमस ग्रंथी जन्मतःच नसल्यामुळे टी पेशी, म्हणजे परक्या पेशी ओळखून मारणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, जवळजवळ नसतातच. (पहिल्यांदा पाहणाऱ्याला किळस येते. आठवड्याभरात सवय होते.) डेन्मार्कमध्ये रीगार्ड आणि पोव्हल्सन यांनी १९६९ मध्ये माणसाच्या मोठ्या आतड्याची गाठ अशा उंदरात वाढवून दाखवली आणि तिथून ही पद्धत रुळली.

काम ऐकायला साधं आहे. काही दशलक्ष पेशी उंदराच्या कुशीत कातडीखाली टोचायच्या, गाठ साधारण १०० ते २०० घनमिलिमीटरची झाली की उंदरांचे गट पाडायचे, मग आठवड्यातून एकदा-दोनदा अँटीबॉडी द्यायची आणि दर दोन-तीन दिवसांनी कॅलिपरने गाठीची लांबी-रुंदी घ्यायची. रुंदीच्या वर्गाला लांबीने गुणून दोनाने भागलं की आकारमान मिळतं. बातमीतल्या त्या झपकन खाली येणाऱ्या रेषेमागे एवढंच गणित असतं. गाठ ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढली, तिला जखम झाली किंवा उंदराचं वजन फार उतरलं, तर त्याला वेदना न होऊ देता मारावं लागतं. ही मर्यादा संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडून आधीच मंजूर करून घेतलेली असते. एका गटाला नुसतं द्रावण देतात, आणि आणखी एका गटाला त्याच बांध्याची पण कशालाच न चिकटणारी अँटीबॉडी. हा दुसरा गट नसेल तर मी आलेख पाहायचे कष्टही घेत नाही.

आता अडचणी. अँटीबॉडी माणसाच्या प्रथिनावर बेतलेली असते. स्तनाच्या कॅन्सरवरच्या ट्रॅस्टुझुमॅब या अँटीबॉडीचं उदाहरण घ्या. ती काही कॅन्सरपेशींवर जास्त असलेल्या, माणसाच्या एचईआर-२ या प्रथिनाला चिकटते, उंदराच्या त्याच जातीच्या प्रथिनाला चिकटत नाही. म्हणजे त्या उंदराच्या अख्ख्या शरीरात तिला पकडता येईल अशी एकच जागा असते: आपण टोचलेली गाठ. माणसात मात्र हेच प्रथिन थोड्या प्रमाणात हृदयाच्या स्नायूंतही असतं. तिचा हृदयावरचा परिणाम उघडा पडला तो रुग्णांवरच्या चाचण्यांमध्ये. अँथ्रासायक्लिन गटातल्या केमोसोबत ती दिलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के रुग्णांच्या हृदयाच्या कामात बिघाड दिसला. औषध तरीही १९९८ मध्ये मंजूर झालं आणि असंख्य स्त्रियांचं आयुष्य त्याने वाढवलं. आज हृदयाची इको काढूनच ते देतात. पण उंदीर पाहून हा धोका कुणाला कळला नसता.

दुसरी अडचण अँटीबॉडीच्या शेपटीची. अँटीबॉडीचे दोन हात लक्ष्याला धरतात आणि शेपूट शरीरातल्या मारेकरी पेशींना बोलावते. क्लाइन्स, रॅव्हेच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं, की शेपूट ओळखणारे रिसेप्टर (पेशींवरची पकडणारी प्रथिनं) उंदरातून काढून टाकले तर ट्रॅस्टुझुमॅब आणि रिटुक्सिमॅब या दोन्ही अँटीबॉडींचा असर बराच ओसरतो. मग शेपटीतच सुधारणा करायची लाट आली. ओबिनुटुझुमॅब या अँटीबॉडीमध्ये शेपटीवरच्या साखरेच्या साखळीतली फ्युकोज ही साखर बरीच कमी केली आहे, त्यामुळे मारेकरी पेशी ती जास्त घट्ट धरतात. असं सुधारलेलं रूप उंदरात तपासायचं म्हटलं की पंचाईत होते. ज्या उंदरात माणसाची गाठ सगळ्यात चांगली वाढते, त्या एनएसजी नावाच्या, प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या जातीत या मारेकरी पेशीच नसतात. न्यूड उंदरात असतात, पण त्यांचे रिसेप्टर उंदराचे, माणसाचे नव्हेत. एकच अँटीबॉडी एका जातीत सुमार आणि दुसऱ्या जातीत अव्वल दिसू शकते. कंपनी गुंतवणूकदारांना कोणता आलेख दाखवेल, हे तुम्हीच ओळखा.

प्रतिकारशक्तीचे ब्रेक काढणाऱ्या औषधांचं तर न्यूड उंदरात काहीच कळत नाही, कारण ज्या टी पेशींना मोकळं सोडायचं त्याच तिथे नसतात. त्यासाठी साधा, धडधाकट उंदीर, उंदराचीच गाठ आणि उंदराच्या प्रथिनावर बेतलेली वेगळी अँटीबॉडी लागते. अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स ॲलिसन यांच्या गटाने १९९६ मध्ये असंच केलं. त्याच प्रकारचं माणसासाठीचं औषध, इपिलिमुमॅब, मंजूर व्हायला त्यानंतर २०११ उजाडलं.

तुमच्या वडिलांच्या आजाराशी जवळचं उदाहरणही देते. झोल्बेटुक्सिमॅब ही जठराच्या कॅन्सरवरची अँटीबॉडी २०२४ मध्ये आधी जपानमध्ये आणि मग अमेरिकेत मंजूर झाली. तिचं लक्ष्य, क्लॉडिन १८.२ हे प्रथिन, जठराच्या निरोगी अस्तरातही असतं. त्यामुळे मळमळ आणि उलट्या हा तिचा सगळ्यात ठळक त्रास. आणि उंदराला उलटी करताच येत नाही, त्याच्या शरीरात ती सोयच नाही.

मग माकडं कशाला असतात, असं तुम्ही म्हणाल. अँटीबॉडीसाठी नियमच असा आहे की जिच्यात लक्ष्य असतं आणि अँटीबॉडी खरोखर काम करते अशीच प्रजाती सुरक्षिततेसाठी वापरायची. बऱ्याचदा ती सिनोमोल्गस माकडंच निघतात. पण १३ मार्च २००६ ला लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात काय झालं ते वाचा. टीजीएन-१४१२ नावाची अँटीबॉडी टी पेशींवरच्या सीडी-२८ या प्रथिनाला चिकटून त्यांना चेतवायची. एका प्रकारचा रक्ताचा कॅन्सर आणि संधिवात यांसाठी ती बनवली होती. माकडांना प्रतिकिलो ५० मिलिग्रॅमपर्यंत देऊनही ती ठणठणीत राहिली होती. सहा निरोगी तरुणांना त्याच्या पाचशेपटीने कमी, म्हणजे प्रतिकिलो ०.१ मिलिग्रॅम, डोस दिला, तोही काही मिनिटांच्या अंतराने एकामागोमाग एक. दीड तासाच्या आत डोकेदुखी, मळमळ, अंगदुखी सुरू झाली आणि पुढच्या काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात होते. सगळे वाचले, पण एकाची बोटं गेली.

कारण नंतर सापडलं. माणसात ज्या स्मृती-टी पेशी (आधीच्या संसर्गाची आठवण ठेवणाऱ्या टी पेशी) या अँटीबॉडीने चवताळतात, त्या पेशींवर माकडात सीडी-२८ नसतंच. म्हणजे माकडात लक्ष्य होतं, पण ज्या पेशींवर ते घातक ठरतं त्यांच्यावर नव्हतं. आणखी एक गोष्ट कळली, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. माणसाच्या रक्तपेशींमध्ये ही अँटीबॉडी नुसती मिसळली तर काही होत नव्हतं, पण प्लेटच्या तळाला सुकवून चिकटवली आणि वर पेशी सोडल्या की सायटोकाइनचा, म्हणजे प्रतिकारशक्ती भडकवणाऱ्या रसायनांचा, पूर यायचा. म्हणजे धोका परीक्षानळीत दिसू शकला असता, फक्त चाचणी वेगळ्या तऱ्हेने मांडायला हवी होती. आता अशा अँटीबॉडीचा पहिला मानवी डोस माकडाने किती सोसलं त्यावर ठरवत नाहीत. माणसाच्या पेशींवर किमान परिणाम किती मात्रेला सुरू होतो ते पाहून ठरवतात, आणि पहिल्या माणसावर लक्ष ठेवूनच पुढच्याला देतात.

याशिवाय माणसाच्या निरनिराळ्या अवयवांच्या पातळ कापांवर अँटीबॉडी कुठे कुठे चिकटते ते पाहणं, रक्तात ती किती दिवस टिकते ते मोजणं, अशी बरीच कामं असतात. त्यांच्या बातम्या होत नाहीत.

आता ‘लगेच का नाही’ याबद्दल. वाढलेल्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांचे नियम मुळातच सैल आहेत, साधारण महिनाभराच्या चाचणीवर पहिला मानवी डोस देता येतो. वेळ जातो तो औषध बनवण्यात. हॅमस्टरच्या पेशींमध्ये ती अँटीबॉडी तयार करणारी पेशींची ओळ निवडायची, दर खेपेला साखरेपासून घडीपर्यंत सगळं तसंच उतरतंय हे सिद्ध करायचं, ती बाटलीत टिकते का बघायचं. उंदराला दिलेली पहिली खेप बहुधा यातल्या कशातूनही गेलेली नसते. आपल्याकडे अशा जनुकीय तंत्राने बनवलेल्या औषधाची प्राणीचाचण्यांची कागदपत्रं आधी जैवतंत्रज्ञान विभागाच्या आरसीजीएम समितीपुढे जातात आणि मग मानवी चाचणीची परवानगी सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडून येते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये मोनोक्लोनल (म्हणजे एकाच साच्यातल्या, वर लिहिल्यासारख्या) अँटीबॉडींसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आराखडा जाहीर केला. वर लिहिलेलं वाचल्यावर त्यामागे नुसती भूतदया नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझी नोकरी त्यावर अवलंबून असूनही मला तो आराखडा पटतो.

वडिलांसाठी ती बातमी बाजूला ठेवा आणि ऑन्कॉलॉजिस्टना हे विचारा: गाठीच्या तुकड्याची एचईआर-२ तपासणी झाली आहे का? जठराच्या कॅन्सरमध्ये साधारण पाचांतल्या एका रुग्णात ती पॉझिटिव्ह येते आणि तशा, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या कॅन्सरसाठी ट्रॅस्टुझुमॅब २०१० पासून मंजूर आहे. भारतात त्याची तुलनेने स्वस्त बायोसिमिलर, म्हणजे इतर कंपन्यांनी बनवलेली जवळजवळ तशीच, रूपंही मिळतात. ती निगेटिव्ह असेल तर क्लॉडिन १८.२ आणि पीडी-एल१, एमएसआय (प्रतिकारशक्तीचे ब्रेक काढणारी औषधं लागू पडतील का याचा अंदाज देणाऱ्या) या तपासण्यांबद्दल विचारा. प्रयोगातल्या औषधाचाच विचार करायचा असेल तर सीटीआरआय या भारताच्या चाचणी-नोंदणीच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोधता येतं. कोणत्या गावात कोणती चाचणी चालू आहे आणि रुग्ण घेणं सुरू आहे का, ते तिथे लिहिलेलं असतं. सापडलेल्या नोंदीचा क्रमांक पुढच्या भेटीला बरोबर न्या.