चू. भू. द्या. घ्या. : माफी की पळवाट?

प्रश्न असा आला आहे : "आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करतो आहे. मजकूर कधीचाच लिहून झाला, पण छापायला देववत नाही. कुणाची जन्मतारीख मिळत नाही, कुणाच्या सासरच्या आडनावाबद्दल दोन मतं आहेत, आणि रोज काहीतरी नवं निघतं. काका म्हणतात, 'शेवटी चू. भू. द्या. घ्या. लिही आणि टाक छापून.' मला ते पटत नाही. एक तर ही दुकानदारीतली भाषा. शिवाय आधीच माफी मागून ठेवायची म्हणजे पळवाटच झाली. या शब्दांचा नेमका अर्थ काय? आणि 'देणे घेणे', 'द्यावी घ्यावी', 'द्या घ्या' यांतलं बरोबर कोणतं?"

मी काकांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

भाषा दुकानदारीतलीच, यात वाद नाही. बिलाच्या, पावतीच्या किंवा खातेउताऱ्याच्या तळाशी सहीच्या अलीकडे 'चू. भू. दे. घे.', म्हणजे 'चूकभूल देणे घेणे', असं लिहायची पद्धत जुनी आहे. पण या चार अक्षरांत माफी कुठेच नाही. किराणा दुकानातलं हाताने केलेलं बिल डोळ्यांपुढे आणा. बेरीज १,२४० व्हायची, तिथे घाईत आकडे उलटसुलट पडून १,४२० झाली. ही चूक. गिऱ्हाईक घरी गेल्यावर पुन्हा बेरीज मारतं, दुसऱ्या दिवशी कागद घेऊन येतं, दुकानदार १८० रुपये परत देतो. आता उलट बाजू पाहा. तुपाचा डबा पिशवीत गेला, पण बिलात लावायचा राहिला. ही भूल. इथे दुकानदार मागून घेतो आणि गिऱ्हाईक कुरकुर न करता देतं. जास्त लागलं असेल तर देणे, कमी लागलं असेल तर घेणे. चुकीबद्दल काय वाटतं याविषयी बिल काही बोलत नाही. ती निघाली तर काय करायचं, तेवढं आधी ठरवून ठेवतं.

चूक आणि भूल हे दोन शब्द नुसते जोडीला जोड म्हणून आलेले नाहीत, हे यावरून दिसेल. चुकणे म्हणजे मुळात हुकणे, सुटणे. वाट चुकते, नेम चुकतो, काळजाचा ठोका चुकतो, जत्रेत माणसांची चुकामूक होते. म्हणजे जिथे पोचायचं होतं तिथे न पोचता भलतीकडे गेलो. भूल म्हणजे भान सुटल्यामुळे राहून गेलेलं. आज मराठीत हा अर्थ मागे पडला आहे. भूल म्हटलं की आपल्याला ऑपरेशनचं टेबल आठवतं, नाहीतर भूलथापा. पण चूकभूल या जोडशब्दात तो जुना अर्थ शाबूत आहे. चुकीचं लिहिलं ती चूक, लिहायचंच राहिलं ती भूल. तुमच्या बाडात दोन्ही असणार : पणजोबांचं साल चुकलेलं असेल आणि एखादी आत्याआजी राहून गेली असेल.

छापील बिलांवर इंग्रजीत 'ई. अँड ओ. ई.' असतं. एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड, म्हणजे चुका आणि राहून गेलेलं वगळून. चूक आणि भूल तिथेही आहेत, पण वाक्य एकतर्फी आहे : चूक निघालीच तर तिने आम्ही बांधले जाणार नाही. मराठी वाक्यात दोन माणसं आहेत. हिंदीत 'भूल चूक लेनी देनी', गुजरातीत 'भूलचूक लेवी देवी', तिथेही दोन माणसं आहेतच. फक्त क्रम उलटा. यावरून 'बघा, मराठी माणूस आधी देतो आणि मग घेतो' असं कुणी अभिमानाने सांगू लागलं तर मान डोलावू नका. हिंदीत लेन-देन म्हणतात आणि आपण देवघेव, देणंघेणं म्हणतो. तो जिभेचा वळसा आहे, स्वभावाचा दाखला नव्हे.

आणखी एक गोष्ट मला या प्रयोगात फार महत्त्वाची वाटते. तो समोरच्याच्या हाती जाणाऱ्या कागदावर शोभतो. घरच्या रोजमेळाला, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीला, त्याचा उपयोग नाही. रोजमेळ जुळलाच पाहिजे, ताळा बसलाच पाहिजे, तिथे चू. भू. ला कोण विचारतो? आपल्या वहीत काटेकोर आणि देवाणघेवाणीत मोकळं, अशी ही विभागणी आहे. तुम्ही पळवाट म्हणता ती यात बसत नाही. न तपासताच बिल फाडून दिलं आणि खाली चू. भू. लिहिलं, तर तो हलगर्जीपणा. ज्याने आपल्याकडून ताळा करून पाहिला आहे त्यानेच हे लिहावं. तुम्ही तर ताळा करून करून कागद झिजवलेत.

बाकी लिखाणात चुकांची तजवीज करणारे आपल्याकडे दुकानदारांखेरीज इतरही होतेच. पोथ्यांचे नकलाकार शेवटी एक श्लोक टाकायचे : 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया । यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते ॥' जसं पाहिलं तसं उतरवलं, शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नये. पळवाट शोधायचीच असेल तर ती इथे आहे! पूजेच्या शेवटी आपण 'आवाहनं न जानामि' म्हणतो, ती सरळ क्षमायाचना, खालून वर केलेली. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात मात्र तिसरीच तऱ्हा दिसते : 'न्यून तें पुरतें । अधिक तें सरतें । करूनि घेयावें हें तुमतें । विनविलें मियां ॥' कमी पडेल ते पुरतं करून घ्या, जास्त झालं असेल ते चालवून घ्या. विनंती श्रोत्यांना आहे, आणि कामाचा वाटाही त्यांना दिला आहे. न्यून आणि अधिक, कमी लागलं आणि जास्त लागलं. ग्रंथाचा शके १२१२ धरला तर सातशे वर्षांहून जुना हा मजकूर आपल्या बिलाच्या तळाशी किती सहज बसतो पाहा. बिलाची ओळ त्यातूनच आली असा दावा मी करत नाही, पण त्यातलं 'करूनि घेयावें' सोडू नका.

कारण मराठीत हा 'घेणे' मोठा गुणी आहे. भाजीत मीठ कमी असेल तर चालवून घेतात. नवख्या सुनेला किंवा कामावरच्या नव्या पोराला सांभाळून घेतात. गरिबाघरचं गोड मानून घ्या, हे मात्र वाढणाऱ्यानेच म्हणायचं असतं. खाणारा म्हणाला, 'गोड मानून घेतलं', तर यजमानीण पुन्हा वाढणार नाही. याच घराण्यातलं 'खपवून घेणे' बघा : ते बहुतेक वेळा नकारातच भेटतं, 'हे मी खपवून घेणार नाही'. चालवून घेणं कमीपणाला असतं, खपवून घेणं आगळिकीला. पहिल्यात माणूस सैल होतो, दुसऱ्यात दात आवळतो. आपल्याकडचे काटेकोर लोक बरेचदा पहिल्या जागी दुसरं क्रियापद वापरतात, आणि पोळी जरा जाड झाली तरी घरात खटला उभा राहतो.

चुकीच्या बाबतीत पदर आणि पोट यांचीही अशीच गंमत आहे. चूक पदरात घालणे म्हणजे ज्याची त्याला दाखवून कबूल करायला लावणे. चूक पोटात घालणे म्हणजे क्षमा करून विषय संपवणे. चूकभूल द्यावी घ्यावी या दोहोंच्या मधे उभी आहे. ती चूक दाखवायला बोलावते, दडवत नाही, आणि दाखवल्यावर भांडणही होऊ देत नाही. 'चुकलंमाकलं सांभाळून घ्या' हा तिचा घरगुती अवतार. तो बारशापासून तेराव्यापर्यंत कुठेही चालतो. छापील पुस्तकात मात्र जरा सैल वाटेल.

आता तुमच्या कुलवृत्तांताकडे. हा ग्रंथ एकट्याच्या टेबलावर पूर्ण होणारा नाही. तो छापून घरोघरी गेला की मगच कुठल्यातरी गावची मावशी चष्मा लावून आपलं पान काढते आणि म्हणते, 'अगंबाई, आमच्या बाळूचं नावच नाही!' तोवर तिला तुम्ही दहादा पत्र पाठवा, ती उत्तर देणार नाही. छापील चूक माणसांना जितकं बोलतं करते तितकी रिकामी प्रश्नावली करत नाही. काम हातावेगळं करणे हा वाक्प्रचार अशा वेळी शब्दशः घ्यावा : तुमच्या हातातून सुटल्याशिवाय ते दुसऱ्याच्या हातात जाणार नाही. तुम्ही सध्या करताय त्याला मराठीत 'घोळत बसणे' म्हणतात. रागावू नका, शब्द माझा नाही.

एका बाबतीत मात्र काकांना माझा पाठिंबा नाही. जुन्या कुलवृत्तांतांत मुलग्यांची वंशावळ लांबलचक आणि मुलींची नोंद बहुधा एका ओळीत, 'कन्या अमुक, तमुकांकडे दिली', अशी असते. तुमच्या बाडातही मुली तशाच उरकल्या असतील, तर त्याला चू. भू. चं पांघरूण पुरणार नाही. राहून जाणं वेगळं आणि ठरवून गाळणं वेगळं. सासरच्या आडनावाबद्दल दोन मतं असतील तर दोन्ही छापा, मधे 'किंवा' घाला.

रूपांचं विचाराल तर तिन्ही बरोबर. 'देणे घेणे' हा वहीतला थाट, कर्त्याचं नाव न घेणारा. चूक आणि भूल दोन्ही स्त्रीलिंगी, म्हणून 'द्यावी घ्यावी', यात विनंतीचा सूर आहे. 'द्या घ्या' ही आज्ञार्थाची बोलकी रूपं, आता मोबाइलवर 'चुभूद्याघ्या' अशी एका दमात लिहिली जातात. कुलवृत्तांताला मधलं रूप शोभेल. आद्याक्षरांवर न भागवता पूर्ण लिहा, आणि 'चूक' दीर्घच ठेवा. चुका, चुकीचा, चुकून यांत तो ऱ्हस्व होतो म्हणून मुळातही ऱ्हस्व लिहिणारे पुष्कळ आहेत. ओळीखाली दुरुस्ती कळवायचा पत्ता द्या, आणि शेवटची चार पानं कोरी बांधून घ्या. वर रकाने आखा : पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध.