पाने, गोट्या, पक्कड: स्वस्त कुठे चालतं आणि कुठे चालत नाही

घरच्या घरी गाडीची किरकोळ कामं करणाऱ्यांचे प्रश्न सारखे येत असतात, आणि फिरून फिरून मुद्दा एकच: महागडी हत्यारं घ्यावीत की स्वस्तात भागेल? म्हणून या वेळी नेहमीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. माझं मत आधीच सांगतो. हात सैल सोडायच्या जागा दोनच. एक, हत्याराचं तोंड जिथे नटाला भिडतं ती. दुसरी, हत्याराच्या भरवशावर जिथे तुमचा जीव असतो ती. बाकी ठिकाणी खुशाल काटकसर करा.

माझ्याकडे १२५ सीसीची मोटरसायकल आणि एक छोटी कार आहे. ऑनलाइन १०८ नगांचा सेट मिळतोय. तेवढ्याच पैशांत आमचा दुकानदार तापारियाचे मोजकेच पाने देतो. काय घ्यावं? (सातारा)

मोजके पाने घ्या. नगांचा आकडा हा निव्वळ गिऱ्हाईक पकडायचा डाव आहे. त्या पेटीत बोटाच्या पेराएवढे बिट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची सुटी टोकं, भरलेले असतात आणि प्रत्येक बिट एक नग म्हणून मोजलेला असतो. रस्त्यावर मिळणारी ४६ नगांची पेटीही तशीच. तिच्यातला रॅचेट, म्हणजे गोट्या फिरवायचं दातेरी हँडल, पाव इंची टोकाचा असतो, गोट्या (सॉकेट) साधारण ४ ते १४ मिलिमीटरच्या. साइड पॅनलचे बोल्ट काढायला ठीक आहे. तोच रॅचेट कोणी मागच्या ॲक्सलच्या नटाला लावतो, आतले दात सुटतात आणि बोटं सायलेन्सरवर आपटतात.

जपानी घडणीच्या दुचाकींना ८, १०, १२, १४, १७ आणि १९ ही मापं बहुतेक पुरतात. एक तोंड उघडं आणि एक रिंगचं, असे पाने याच मापांत घ्या. जोडीला ३/८ इंची रॅचेट आणि तेवढ्याच गोट्या, एक पक्कड, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, एलन कीचा (सहा कोनी खाचेच्या बोल्टांसाठी) एक बरा संच. कारच्या चाकाचे नट १७, १९ किंवा २१ चे असू शकतात, ते गाडीवर मोजून मगच पाना घ्या. नाशिकच्या सातपूरला बनणारी तापारियाची हत्यारं किंवा जालंधर-लुधियानाच्या चांगल्या कारखान्यांचा माल घरच्या कामाला अगदी पुरेसा आहे.

परदेशी महागड्या पान्यांत जास्तीचं काय मिळतं? रिंगची भिंत पातळ, त्यामुळे अडचणीत शिरते. रॅचेटला ७२ दात, म्हणजे हँडल ५ अंश हललं तरी पुढचा दात पकडतो. २४ दातांच्या रॅचेटला १५ अंश लागतात. दिवसभर इंजिनात हात घालणाऱ्याला याची किंमत वसूल होते. दोन महिन्यांतून एकदा चेन ताणणाऱ्याला होत नाही.

दुकानात जाताना खिशात एक कोरा नट घेऊन जा. रिंगमध्ये बसवा आणि डावी-उजवीकडे हलवा. थोडीशी ढिलाई असणारच, पण नट खुळखुळत असेल तर तो पाना खाली ठेवा, त्यावर कुणाचंही नाव असो.

गोटी सहा कोनी घ्यावी की बारा कोनी? (अकोला)

सहा कोनी.

घरात इम्पॅक्ट गन (हादरे देऊन नट फिरवणारं यंत्र) आणली आहे. नेहमीच्या चकचकीत गोट्या तिला चालतील का? (नाशिक)

नाही. त्या क्रोम-व्हॅनेडियमच्या आणि कडक असतात, हादऱ्यांनी तडकतात आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. काळ्या, जाड भिंतीच्या इम्पॅक्ट गोट्या वेगळ्या मिळतात, त्या घ्या. चष्माही घ्या.

पुण्याच्या जुन्या बाजारातून ‘मेड इन जर्मनी’ असा ठसा असलेला संच घेतला. शेजारी म्हणतात, चुंबक चिकटलं तर माल नकली. चुंबक तर चिकटतंय. फसलो का? (पिंपरी)

चुंबकाची गोष्ट कुठून निघाली ते मला समजत नाही, पण ती प्रत्येक पावसाळ्यात नव्याने उगवते. पाने ज्या पोलादाचे बनतात त्याला चुंबक चिकटतंच, अस्सल असो वा नकली. यावरून काहीही ठरत नाही.

ठसा नीट बघा. चांगल्या पान्यावरची अक्षरं खोल आणि कडेला स्वच्छ असतात, माप वाचता येतं. नकली मालावर अक्षरं उथळ, कधी नावातच एक अक्षर फिरवलेलं. मग तोंडाच्या कडा पाहा. जुन्या बाजारात वापरलेले अस्सल घडीव पानेही मिळतात आणि ते घ्यायला माझी हरकत नाही, फक्त तोंड फाकलेलं नको. तपासायला तोच कोरा नट.

नवा, पेटीबंद माल घेताना मात्र वेष्टन वाचा. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापणं वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. यातलं काही नसेल तर ‘आजीवन गॅरंटी’ कोणाकडे मागणार? पक्कं बिल घ्या. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे विचारा.

जुन्या जपानी घडणीच्या मोटरसायकलच्या इंजिन कव्हरचे फुलीचे स्क्रू काढताना डोकी उडतात. मित्र म्हणतो, भारी परदेशी स्क्रू ड्रायव्हर घे. (इचलकरंजी)

थांबा, आधी नंबर बघा. त्या स्क्रूंना बहुतेक वेळा ३ नंबरचं टोक लागतं आणि घरोघरी असतो तो २ नंबरचा. लहान टोक मोठ्या फुलीत फिरतं आणि कडा खाऊन टाकतं. ३ नंबरचा साधा देशी ड्रायव्हर आणा, तेवढ्यानेच अर्धी तक्रार मिटेल.

उरलेली अर्धी अशी, की जपानी मानकाची फुली आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या फिलिप्स टोकाशी तंतोतंत जुळत नाही. जोर दिला की फिलिप्सचं टोक वर सरकून बाहेर येतं. स्क्रूच्या डोक्यावर फुलीच्या बाजूला बारीक ठिपका दिसला तर ती जपानी फुली समजा. कार्ब्युरेटरचे लहान स्क्रू त्याच जातीचे असतील तर जपानी मापाचा एक ड्रायव्हर घ्या. ही खरेदी मी वायफळ म्हणणार नाही, कारण आतल्या पितळी जेटपर्यंत (पेट्रोलच्या बारीक छिद्राचा भाग) पोचायच्या आधीच वरच्या स्क्रूचं डोकं गेलं तर सगळं काम तिथेच अडतं.

घट्ट बसलेल्या कव्हरसाठी हातोडीचा ठोका मारला की फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो. तो स्वस्तातला चालतो. डोकं आधीच गुळगुळीत झालेलं असेल तर मात्र ड्रिल घेऊन बसू नका, गॅरेजला न्या.

ऑइल मी घरीच बदलतो. ड्रेन बोल्टमधून (जुनं ऑइल सोडायचा बोल्ट) थेंब थेंब गळायचं म्हणून दरवेळी थोडं जास्त आवळत गेलो, आता बोल्ट नुसताच फिरतो. मिस्त्री म्हणतात, टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) ही चैन आहे, हाताचा अंदाज पुरतो. ऑनलाइन एक स्वस्त मिळतोय, ४० ते २०० न्यूटन-मीटरचा (हे आवळण्याच्या जोराचं एकक). घेऊ का? (कोल्हापूर)

तुमच्या प्रश्नात माझी सगळ्यात मोठी तक्रार आली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तो बोल्ट बाहेर काढून बघा. त्याच्या आट्यांत चंदेरी तारेसारखी वेटोळी अडकलेली दिसेल. ते तुमच्या इंजिनाचे आटे आहेत. बोल्ट पोलादाचा, क्रँककेस (इंजिनाचं खालचं आवरण) ॲल्युमिनियमची. या दोघांत कोण हरणार हे ठरलेलं असतं.

आता हे घडलं कसं ते पाहा. ड्रेन बोल्टखाली तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वॉशर असतं. ते एकदा दाबलं जाऊन फटी बुजवतं आणि तिथेच त्याचं काम संपतं. दर ऑइलला ते नवं टाकायचं असतं, किंमत अगदी किरकोळ. ते बदललं नाही की गळतं. गळलं की माणूस आवळतो. पुढच्या वेळी आणखी आवळतो. असे चार-पाच ऑइल बदल झाले की आटे ओढले जाऊन सुटतात. म्हणजे दुखणं वॉशरचं होतं आणि मार बसला इंजिनाला.

हाताच्या अंदाजाचं म्हणाल तर हिशोब करून बघू. १०० ते १२५ सीसीच्या दुचाकींत हा बोल्ट साधारण २० ते ३० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा, माझ्या आकड्यावर बोल्ट आवळू नका. समजा २४ आहे. फक्त पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या हँडलवर त्यासाठी दहा किलोच्या आसपास ओढ पुरते. धडधाकट माणूस त्याच हँडलवर चाळीस किलो सहज ओढतो, म्हणजे शंभर न्यूटन-मीटरच्या जवळ गेला. त्यात कोणी पाइप अडकवून हँडल लांबवलं तर बोलायलाच नको. वर्षानुवर्षं रोज एकाच कंपनीच्या गाड्या खोलणाऱ्या मिस्त्रीचा हात बसलेला असतो, हे मला मान्य आहे. तीन महिन्यांनी एकदा पाना धरणाऱ्याचा तो बसत नाही. आणि तुम्हाला ‘चैन’ म्हणणारे तुमच्या क्रँककेसचा खर्च देणार नाहीत.

पण तुम्ही दाखवलेला पाना घेऊ नका. तो स्वस्त आहे हे कारण नाही, त्याची पट्टीच ४० पासून सुरू होते. लावलेलं माप गाठलं की असा पाना ‘टक’ करतो, पण २४ वर तो कधी ‘टक’ म्हणणारच नाही, तुम्ही आवाजाची वाट बघत ओढत राहाल आणि आटे पुन्हा जातील. हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की विक्रेत्यांनी पेटीवर ‘दुचाकीसाठी उपयुक्त’ असं छापलेलं दिसलं की संताप येतो. २००चा पाना कारच्या चाकांसाठी आहे. दुचाकीला ५ ते २५ किंवा १० ते ६० च्या आसपासचा लागतो, आणि त्यातही पट्टीच्या अगदी तळाच्या पाचव्या हिश्श्यावर भरवसा ठेवू नये. २४ हा आकडा ५ ते २५ च्या पट्टीत अगदी वरच्या टोकाला येतो, म्हणून त्यासाठी १० ते ६० मला बरा वाटतो.

स्वस्त की महाग? मधला घ्या, पण अचूकतेचा दाखला सोबत असलेला. चांगला पाना चार टक्के इकडे-तिकडे दाखवतो, त्यापेक्षा जास्त नको. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्षातून एकदा किंवा ५,००० वेळा वापरल्यावर तो तपासून घ्यायचा असतो. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या औद्योगिक पट्ट्यांत एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळा आहेत, तिथे हे काम होतं. एवढं नको असेल तर काट्याचा टॉर्क रेंच बघा. त्यात स्प्रिंग दाबून माप लावायची भानगड नाही, दांडी वाकते आणि काटा आकडा दाखवतो. दिसायला जुनाट, पण घरच्या कामाला विश्वासू.

वापरताना ‘टक’ आवाज एकदा आला की थांबा. खात्रीसाठी पुन्हा टक-टक करणं म्हणजे पुन्हा आवळणं. बोल्ट सोडवायला हा पाना कधीही वापरू नका. काम झालं की माप पट्टीच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्याही खाली फिरवू नका. आणि पुस्तिकेतलं एकक बघा: जुन्या पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटर असतं, १ म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर.

तुमच्या गाडीचं आज काय? ती चालवू नका. बोल्ट वाटेत पडला तर ऑइल मागच्या चाकावर येईल. टेफ्लॉन टेप, एम-सील हे उपाय कोणी सुचवतील, ते ऐकू नका. वर्कशॉपमध्ये हेलिकॉइल, म्हणजे पोलादी तारेच्या आट्यांचं वेटोळं, बसवून क्रँककेस वाचवता येते. नेहमी हेच काम करणाऱ्याकडे न्या.

दोन टनांचा स्वस्त जॅक घेतला आहे. तो लावून, खाली विटांचा थर देऊन कारखाली ऑइल फिल्टर काढतो. जॅक बदलू की चालेल? (जळगाव)

विटा आजच काढा. वीट आणि सिमेंटचा ठोकळा सूचना न देता फुटतात. कोणताही हायड्रॉलिक जॅक, दहापट किमतीचा असला तरी, फक्त गाडी उचलण्यासाठी असतो. आत एक रबरी सील गेलं की तो खाली बसतो. गाडी तोलायला जोडीने मिळणारे जॅक स्टँड घ्या, वजनाची क्षमता ठळक छापलेले, आणि इथे एक पैसाही वाचवू नका. सपाट टणक जमीन, हँडब्रेक, चाकामागे लाकडी ठोकळा. स्टँड चेसिसच्या कोणत्या जागी लावायचे ते पुस्तिकेत दिलेलं असतं. समजलं नाही तर एकदा सर्व्हिस सेंटरमध्ये उभं राहून बघून या, तोवर गाडीखाली जाऊ नका.

कोकणातल्या पावसात हत्यारं गंजतात. महागड्यांना गंज चढत नाही का? (रत्नागिरी)

चढतो. पुसून कोरडी करा, तेलाचा हलका हात फिरवा, ओल्या फडक्यात गुंडाळू नका. क्रोमचे पापुद्रे सुटू लागलेला पाना फेकून द्या, ते हात कापतात.

इलेक्ट्रिक कार घेतली आहे. पिवळ्या-हिरव्या प्लास्टिकच्या मुठीची पक्कड आहे, ती इन्सुलेटेड धरायची ना? (ठाणे)

मुळीच नाही. रंगीत मूठ हाताला घट्ट पकड मिळावी म्हणूनही असते. विद्युतरोधक हत्यारावर दोन त्रिकोणांचं चिन्ह आणि १००० व्होल्ट असा ठसा असतो. पण तशी हत्यारं घेतली म्हणूनही गाडीतल्या उच्च दाबाच्या नारिंगी केबलजवळ जाऊ नका. गाडीच्या मोठ्या बॅटरीत शेकडो व्होल्ट असतात आणि ते काम प्रशिक्षित माणसाचं आहे. चाकं आणि वायपर तुमचे, बाकी अधिकृत सेंटरचं.

पुढच्या डिस्क ब्रेकच्या कॅलिपरचा एलन बोल्ट महिन्यापूर्वी गोल झाला. पॅड झिजलेत, पण ब्रेक लागतोय. भारी एलन की घेतली तर निघेल का? (नागपूर)

महिनाभर तुम्ही झिजलेल्या पॅडवर गाडी चालवताय? पॅड संपला की मागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासते आणि ब्रेक हातात असूनही गाडी नीट थांबत नाही. आज गॅरेजला फोन करा, गाडी टेम्पोत घालून पाठवा. गोल झालेला बोल्ट नव्या कीने निघण्याची शक्यता कमी. घरी तो तापवू किंवा ठोकू नका, शेजारी ब्रेक ऑइलची रबरं आहेत. नवा बोल्ट त्याच गाडीचा, कंपनीच्या पार्ट नंबरचा टाका.

पुढच्या वेळेसाठी मात्र एलन की जरूर चांगली घ्या. स्वस्त कीचं टोक मऊ असतं आणि पिळवटतं. खाचेतली माती टाचणीने काढून की तळापर्यंत बसवा, आणि गोल टोकाची बाजू घट्ट बोल्ट सोडवायला वापरू नका.

भावासाठी अमेरिकेतून हत्यारांचा सेट आणायचा आहे. काय बघू? (न्यू जर्सी)

सेट मेट्रिक आहे ना ते. इंची मापांचा त्याला इथे उपयोग नाही. टॉर्क रेंच असेल तर त्यावर न्यूटन-मीटरची पट्टी हवी, फूट-पाउंडची एकटी नको. सामान चेक-इनमध्ये टाका, आणि भावाकडे आधीच काय आहे ते विचारून घ्या.