सेवा करणाऱ्या मुलींनी बाजूही मांडावी का?

प्रश्न : आम्ही इंदुरात घरोघरी ज्येष्ठांच्या सेवेसाठी सहायिका पाठवणारी एक छोटी संस्था चालवतो. पगारी माणसे अकरा आहेत. आंघोळ, औषधे, फिरायला नेणे एवढेच काम ठरलेले असते. पण आजी-आजोबा आमच्या मुलींना पेन्शन, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), आयुष्मान कार्ड यांविषयीही विचारतात आणि मुली सुचेल ते सांगतात. गेल्या महिन्यात एका आजींनी विचारले, “मला दानपत्रावर सही करायची नाही, पण मुलाला कोण सांगणार?” आमची मुलगी गप्प राहिली. सल्ला देण्याचे आणि बाजू मांडण्याचे कौशल्य शिकाऊ उमेदवारीतून शिकवता येईल काय? सरकारी योजनेचा आधार मिळेल काय?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : उमेदवारी म्हटले की हल्ली निवडणूकच आठवते, पण जाणत्याच्या हाताखाली काम करत शिकणे हा त्या शब्दाचा जुना अर्थ आपल्या कामाला नेमका लागू पडतो, कारण ही विद्या वर्गात बसून फारशी येत नाही.

आपल्या पत्रात दोन वेगळी कामे एकत्र आली आहेत. सल्ला म्हणजे खरी माहिती देणे. सत्तर वर्षांवरील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेचे कार्ड मिळते, पेन्शनरांना हयातीचा दाखला घरबसल्या डिजिटल पद्धतीने देता येतो, दर मंगळवारी जनसुनवाईत, म्हणजे सरकारी कार्यालयातल्या तक्रार-सुनावणीत, अर्ज करता येतो, या गोष्टी मुलीला पक्क्या माहीत हव्यात, आणि जे माहीत नाही ते ‘विचारून सांगते’ असे म्हणण्याची सवयही हवी. बाजू मांडणे याहून अवघड. तिथे आजींचे हित कशात आहे हे आपण ठरवायचे नसते. आजींना काय हवे आहे ते त्यांच्याच शब्दांत, त्यांची संमती घेऊन, समोरच्यापर्यंत पोचवायचे असते. मराठी घरात वाढलेल्या मुलीला ‘मोठ्यांच्या भांडणात पडू नये’ हेच बाळकडू मिळालेले असते, म्हणून ती गप्प राहिली याचे मला नवल वाटत नाही.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. त्या मुलीचे महिन्याचे बिल कोण भरतो? बहुतेक घरांत मुलगाच भरत असेल. ज्याच्याकडून पगार येतो त्याच्याविरुद्ध बोलण्याची अपेक्षा तिच्याकडून करणे अन्यायाचे आहे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टनुसार, ज्या व्यक्तीला आपल्या देखभालीच्या निर्णयांत भाग घेणे फार जड जाते आणि जिच्या बाजूने बोलणारे योग्य माणूस नसते, तिला स्वतंत्र प्रतिनिधी देणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक आहे. आणि पैसे घेऊन सेवा करणारी व्यक्ती हे ‘योग्य माणूस’ मानली जात नाही. ही विभागणी आपणही उचलावी. घरात सेवा करणारी मुलगी खबर देईल. बाजू मांडायला त्या घराशी संबंध नसलेली दुसरी प्रशिक्षित व्यक्ती जाईल.

त्या आजींचेच उदाहरण घ्या. सही करायची नाही, तर ती न करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. हे त्यांना एकटीला, मुलगा खोलीत नसताना सांगणे हे पहिले काम. सही करावीशी वाटलीच, तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचे कलम २३ त्यांना समजावून द्यावे : सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. मध्य प्रदेशातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये आईने मुलाला दिलेले दानपत्र रद्द ठरवले. अट लेखी आहे ना, हे मात्र वकिलानेच तपासावे. स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे. निर्वाहासाठी अर्ज करण्याची ताकद ज्येष्ठात नसेल, तर याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. इथे आपल्या संस्थेला थेट वाव आहे.

आता योजनेविषयी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली चार किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेता येतात. तीस माणसांपासून ते सक्तीचे आहे. २०१४ च्या दुरुस्तीने आलेल्या ऐच्छिक व्यवसायांत कामाच्या जागेवरील प्रशिक्षणाचा आराखडा आस्थापना स्वतः ठरवू शकते, तेव्हा अर्ज भरणे, मुलाखत घेणे, गुप्तता, नोंदी ठेवणे हे विषय त्यात घालावेत. २०१९ च्या नियमांत विद्यावेतनाची किमान रक्कम बारावीसाठी ७,००० आणि पदवीधरांसाठी ९,००० रुपये होती. चालू आकडा नोंदणीच्या वेळी शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर पाहावा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, पण दरमहा जास्तीत जास्त १,५०० रुपये एवढा वाटा केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात भरते. कायद्याच्या नजरेत उमेदवार हा कामगार नव्हे, शिकणारा आहे. त्यामुळे स्वस्तातली सहायिका म्हणून त्याला कामाला जुंपता येणार नाही. सध्याच्या नोकरदार मुलींना मात्र संस्थेनेच शिकवावे.

सुरुवातीचे काही महिने उमेदवाराला एकटे पाठवू नये. जाणत्या सहकाऱ्यासोबत जनसुनवाईच्या रांगेत उभे राहू द्यावे, परतल्यावर ‘आजी काय म्हणाल्या आणि तू काय सांगितलेस’ हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहून घ्यावे. जिथे दोन्ही रकाने जुळणार नाहीत, तिथपासून शिकवायला लागावे.